चार बोटं

नारळी पुनवेला आठवडा.
पाणी भांगाचं, खाडी जागच्या जागी.
दिवाळे गावच्या जेट्टीवर मी जुनं जाळं
दोरावरून सोडवतोय.
काही गाठी सुईला दाद देत नाहीत,
दात लावावे लागतात,
मग जिभेवर गेल्या सालची खाडी येते:
मीठ, डिझेल,
आणि आणखी एक चव, जिचं नाव मला ठाऊक आहे.

सव्वीस वर्षं तळोज्याला होतो. तिसरी पाळी.
रात्री अडीचला, पाणी भरतीचं असलं की,
एक चाक डावीकडे फिरवायचं.
रजिस्टरात त्याचा रकाना नव्हता.
कासाडीतून ते सकाळपर्यंत आमच्याच दारात यायचं,
माझ्याआधी घरी पोचायचं.
पगाराच्या दिवशी मी रावस आणायचो, विकतचा, बर्फातला.
चांगुणा कल्ला उचलून बघायची.
"ह्यो आपला नाय," म्हणायची,
आणि कालवण करायची.

परवा सोसायटीच्या ओट्यावर सभा झाली.
ठराव एका ओळीचा:
वावरीचा आस चार बोटांहून बारीक नको.
पारस उसळला. कर्जानं घेतलेलं इंजिन आहे त्याचं.
"वरनं इख येतंय, न तुमी हितं भोकं मोजा!"
कोणी माझ्याकडे पाहिलं नाही.
सगळे मिळून पाहिले नाहीत.

मग लखमाबाय बोलली, भिंतीला टेकून,
मांडीवर रिकामी पाटी.
साठ वर्षं मासळी चिरलेली बाई.
"बारक्या रावसाच्या पोटान मी कदी गाबोळी देखली नाय.
बारका हाय तवर तो नर.
वारला का मादी व्हतो.
तुमी तो हाय तवरच खाताव,
मंग ती येल कुठशी?"

घरी येऊन मी बराच वेळ शब्दाशीच अडलो.
जाळ्याचा आस, तो.
दुसरी ती, जिला धरून माणसं पुनवेची वाट बघतात.
कानामात्रा सारखा, आणि मध्ये
एका माशाचं अख्खं वाढणं.

रावसाच्या छातीखाली चार तंतू असतात, मोकळे,
बोटांसारखे.
गढूळ पाण्यात डोळ्यांचा भरवसा नसतो,
तेव्हा तो चिखल चाचपत जातो.
आमच्या खाडीत त्यानं काय काय चाचपलं असेल.

काल मी पारसला जेट्टीवर बोलावलं.
बोट पाण्यात बुडवून लादीवर रेघ ओढली:
ही कासाडी, हा पूल,
इथं बाभळीमागं एक झाकण आहे, वर माती टाकलेली,
इथून खाली सातशे पावलं,
भरतीच्या रात्री अडीच ते चार.
ऊन कडक होतं, नदी वरच्या बाजूनं वाळत आली.
त्यानं विचारलं नाही, तुला कसं ठाऊक.
खिशातून फोन काढला
आणि झाकण पुसलं जायच्या आत फोटो घेतला.
मग म्हणाला, "सही करशील?"
मी म्हटलं, करीन.
आवाज बरोबर आला नाही, पण त्यानं ऐकलं.

त्यानं काय होईल, माहीत नाही.
कागद वर जातात आणि पाणी खाली येतं,
एवढंच मी आजवर पाहिलंय.

जुनं जाळं आता गोणीत आहे,
नव्याच्या पहिल्या ओळीला बसलोय.
आस मोजायला चार बोटं लागतात
आणि माझ्या उजव्या हाताची करंगळी
कंपनीच्या पंपात राहिली, चौऱ्याण्णव साली.
डाव्या हातात सुई.
म्हणून पारसला हाक मारली.
तो आला, कुरकुरत, हाताला ग्रीस,
आणि दोरीच्या फासात त्यानं
आपली चार बोटं घातली.

"घट्ट नको आवळूस," म्हणाला.
नाही आवळत.